उन्हाळ्यातलं वाटीभर पाणी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी आशाताईचा फोन आला. "मॅडम, लेकराचं आंग तव्यावानी तापलं हाय. अन् वजन आठवडाभरात 30 ग्रॅमच वाढलं." बाळ अठ्ठावीस दिवसांचं होतं, मुलगी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातलं, जंगलाला लागून असलेलं गाव. त्या आठवड्यात ब्रह्मपुरीपासून चंद्रपूरपर्यंत पारा 45 अंशांच्या खाली उतरत नव्हता.

मी मूळची परिचारिका. आता या भागात आशांना नवजात बाळाच्या घरभेटींचं प्रशिक्षण देते आणि काही भेटींना त्यांच्यासोबत जाते. घरच्यांना विचारूनच हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वजनं, वेळा आणि झालेल्या चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आली होती. एप्रिलच्या मध्यावर सरकारी रुग्णालयात साधं बाळंतपण झालं. बाळाचं जन्मवजन 2,520 ग्रॅम. चीक पाजला होता, पण पहिल्या तासात नाही, सहा-सात तासांनी. आशाताईच्या कार्डावर पुढची वजनं अशी होती: तिसऱ्या दिवशी 2,400, सातव्या दिवशी 2,390, चौदाव्या दिवशी 2,540, एकविसाव्या दिवशी 2,660 आणि अठ्ठाविसाव्या दिवशी 2,690.

पहिले काही दिवस वजन उतरणं नेहमीचंच. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत येतं, तसं ते आलंही. त्यानंतर रोज 20 ते 30 ग्रॅमची वाढ हवी. तिसऱ्या आठवड्यात ती सतरा-अठरावर होती, चौथ्या आठवड्यात रोज चार ग्रॅमवर आली. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला होता. त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. आज आशाताई झोळीत वजनकाटा घेऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारात उभी राहते, त्यामागे ते काम आहे. या बाळाच्या बाबतीतही कार्डावरच्या त्या पाच आकड्यांनीच आम्हाला जागं केलं. बाकी सगळ्या खुणा ठीक दिसत होत्या, आणि तिथेच आम्ही फसलो.

माझी चूक एकविसाव्या दिवसाची. त्या भेटीला मीही आशाताईसोबत गेले होते. सपरीत, म्हणजे ओसरीत, बाज, बाजेवर बाळंतीण, बाजूला कुडाच्या मेढीला झोळी. झोळीखाली पितळी वाटी आणि चमचा. मी विचारलं, "पाणी देता का बाळाला?" बाळाच्या आजीने लपवलं नाही. "देतो ना बाई. आपल्याले घडीघडी तहान लागते, त त्या जिवाले नाई लागत काय?" मी प्रशिक्षणात सांगते तेच तिला सांगितलं: सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, घुटी नाही, मध नाही. आजीने मान हलवली. आशाताईने विचारलं, लघवी किती वेळा होते? उत्तर आलं, आठ-नऊ वेळा. आम्ही दोघींनी समाधानाने 'पुरेसं दूध मिळते' या रकान्यात खूण केली आणि पंधरा मिनिटांत उठलो. बाळ दूध कसं पितं ते मी पाहिलं नाही. दिवस कसा जातो तेही विचारलं नाही.

त्या खुणेबद्दल जरा थांबून सांगते, कारण ती इतर आशांकडूनही होताना मी पाहिली आहे. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी म्हणजे दूध पुरतंय, हा आडाखा चांगला आहे, पण फक्त दुधावरच्या बाळासाठी. चमच्याने पाणी घेणारं बाळ लंगोट भिजवणारच, मग त्याच्या पोटात दूध जावो न जावो. म्हणजे आजीने पाणी देण्याचं कबूल केलं, त्याच क्षणी लघवीची खूण निकामी झाली होती. माझ्या हातात तेव्हा फक्त वजन उरलं होतं, आणि सतरा-अठरा ग्रॅमचा आकडा मी 'बरा आहे' म्हणून सोडून दिला.

अठ्ठाविसाव्या दिवशी पोचले तेव्हा तीन वाजले होते. बाळ दोन दुपट्यांत गुंडाळलेलं, डोक्याला टोपरं, झोळी कवेलूंच्या छपराच्या उतरत्या कडेखाली. काखेतलं तापमान 37.9 अंश सेल्सिअस. दुपटी काढली, मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, दारावर ओलं गोणपाट टांगलं, तासाभराने पुन्हा पाहिलं तर 37.2. हा ताप बाहेरच्या उन्हाचा असावा असं मला मनातून वाटत होतं. तरी रुग्णालयात पाठवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं तापमान 37.5 किंवा त्यावर असेल, तर ते धोक्याचं लक्षण धरायचं आणि दवाखाना गाठायचा, हा नियम आहे. या वयात रक्तातला जंतुसंसर्ग आणि उन्हाने तापलेलं अंग नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखता येत नाही. आपल्या अंदाजावर तो नियम मोडायचा नसतो.

रुग्णालयात दोन दिवस ठेवलं. संसर्गाच्या तपासण्या स्वच्छ आल्या, ताप पुन्हा चढला नाही. एक आकडा मात्र सगळ्यांना चकित करणारा होता. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, 131 होतं. ते 135 ते 145 च्या दरम्यान असायला हवं. बाळ सुकेल या भीतीने घरचे त्याला पाणी पाजत होते, आणि बाळाचं रक्त उलट पातळ झालं होतं. इतक्या लहान बाळाची मूत्रपिंडं जादाचं पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. सोडियम आणखी उतरलं असतं तर झटके येण्याचाही धोका होता.

आजीला आम्ही तिची पितळी वाटी आणायला सांगितलं आणि ती दिवसभरात किती वेळा भरते ते तिच्याकडूनच समजून घेतलं. हिशोब 130 मिलिलिटरच्या आसपास गेला. पाणी हातपंपाचं, मडक्यातलं, न उकळलेलं. सकाळी त्यात सहाणेवर उगाळलेली घुटी.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर एकविसाव्या दिवशीच द्यायला हवं होतं. मी फक्त हुकूम दिला होता. तिचा प्रश्न रास्त होता: 45 अंशांत मोठ्या माणसाची जीभ टाळूला चिकटते, तर बाळाचं काय? उत्तर दुधातच आहे. आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. पावणेतीन किलोचं बाळ दिवसाला 400 मिलिलिटर दूध प्यालं, तर साडेतीनशे मिलिलिटर पाणी त्याला त्यातूनच मिळतं. शिवाय आईच्या दुधात प्रथिनं थोडी, 100 मिलिलिटरमागे साधारण एक ग्रॅम. गाईच्या दुधात ती तिपटीने असतात. प्रथिनं आणि क्षार कमी म्हणून लघवीवाटे बाहेर टाकायचा कचराही कमी, त्यामुळे लघवीला थोडं पाणी पुरतं आणि घामासाठी शिल्लक राहतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. आपल्याच देशात, आपल्यासारख्याच उन्हाळ्यात ते तपासलं गेलं आहे. डॉ. सचदेव आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या उन्हाळ्यात केवळ दुधावरची आणि दुधासोबत पाणी मिळणारी बाळं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ते काम 1991 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. निष्कर्ष स्पष्ट होता: निरोगी, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला शरीरातलं पाणी टिकवायला वरचं पाणी लागत नाही. त्याच्या आदल्या वर्षी अल्मरॉथ आणि बिडिंगर या संशोधकांनी भारतातल्या उष्ण, कोरड्या भागात बाळांची लघवी तपासून हेच दाखवलं होतं.

आजीला मी दिल्लीचं नाव सांगितलं नाही. तिला म्हटलं, "मावशी, पाणी मायनं प्यावं. लेकराले ते दुधातून भेटते." आणि बाळंतिणीला विचारलं, तू दिवसात किती पाणी पितेस? ती आईकडे पाहून गप्प बसली. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, पोट सुटतं, अशी आमच्याकडे अजून समजूत आहे. मे महिन्यात ती मुलगी दिवसाला चार-पाच पेले पाण्यावर होती. आईने पाणी जास्त प्यायलं की दूध वाढतं, असं मात्र नाही, आणि तसं मी तिला सांगितलंही नाही. पण तिला तिच्या स्वतःच्या जिवासाठी तहानेइतकं पाणी हवं होतं, आणि ते मिळत नव्हतं.

बाळाचं पोट छोटं. वाटीभर पाणी पोटात गेलं की भूक मरते, रडणं थांबतं, बाळ झोपतं. सगळ्यांना वाटतं, तहान होती, भागली. त्या 130 मिलिलिटर पाण्याने तेवढ्याच दुधाची जागा घेतली असं धरलं, तर बाळाच्या दिवसभराच्या उष्मांकांचा जवळपास एक-तृतीयांश भाग गेला. वजन का थांबलं याचं अर्धं उत्तर इथे होतं.

उरलेलं अर्धं आईपाशी होतं. "दूधच नाई येत जी तिले," आजी सांगत होती. रुग्णालयात येईपर्यंत आईचाही त्यावर विश्वास बसला होता. म्हणून पहिलं काम केलं ते मोजण्याचं. पाच ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या काट्यावर, त्याच कपड्यांत, पाजण्याआधी आणि पाजल्यावर बाळाचं वजन. फरक 24 ग्रॅम. बाळ चार मिनिटं चोखून झोपी गेलं होतं. मी बाजूला बसून पाहिलं: ओठ आत दुमडलेले, तोंडात फक्त बोंडी, गालाला खळ्या पडत होत्या, गिळण्याचा आवाज क्वचित. त्यानंतर आईला हाताने दूध काढायला शिकवलं. घाई न करता, पाठीवरून हात फिरवत, अर्धा तास. वाटीत 35 मिलिलिटर जमलं, वरच्या थराला पिवळसर साय धरल्यासारखं. आजी वाकून वाटीत पाहत राहिली. "एवढं होतं त मंग लेकरू रडत काऊन होतं?"

त्या वाटीने जे केलं, ते माझ्या कोणत्याही बोलण्याने झालं नसतं. हिशोब असा: तेव्हा उपलब्ध दूध जवळपास 60 मिलिलिटर, बाळाने घेतलं त्यातलं 40 टक्के. ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन यांच्या गटाने 2006 मध्ये 71 मायलेकरांची चोवीस तासांची मोजणी प्रसिद्ध केली. त्या निरोगी बाळांनी सरासरी उपलब्ध दुधाचा दोन-तृतीयांश हिस्सा घेतला होता. म्हणजे अंगात थोडं दूध उरणं स्वाभाविक, अर्ध्याहून जास्त उरणं नाही.

आणि उरलेलं दूध पुढच्या दुधाला अडवतं. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि प्रोलॅक्टिनच्या बळावर दूध उतरतं, हा पहिला टप्पा संप्रेरकांचा. तिथून पुढे किती दूध बनणार हे प्रत्येक स्तन स्वतःपुरतं ठरवतो. तो जितका रिकामा होतो तितक्या वेगाने पुन्हा भरतो, भरलेला राहिला तर निर्मिती मंदावते. म्हणूनच एकाच बाईच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दूध असू शकतं, संप्रेरकं दोन्हीकडे तीच असूनही. विहिरीसारखं हे नाही, की दोन दिवस उपसा थांबवला तर पाणी साठेल. "थांब, दूध साचू दे, मग पाज" हा सल्ला आमच्याकडे घरोघरी मिळतो, आणि तो दूध कमी करणारा सल्ला आहे.

मग दोन पाजण्यांत इतकं अंतर का पडत होतं? हे मला रुग्णालयातून सुटी झाल्यावर, गावात पूर्ण दिवस बसल्यावर कळलं.

मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. वर्षाकाठी जे थोडे दिवस घरात रोख पैसा येतो, त्यातले हे. पहाटे चारला घरातली चालती-फिरती माणसं जंगलात जातात, नऊ-दहाला पानांची ओझी घेऊन परततात. मग सपरीत पानांचा ढीग, आणि 70 पानांचा एक असे पुडे बांधणं. संध्याकाळपर्यंत पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, पोचले पाहिजेत, नाहीतर पानं सुकतात आणि मेहनत वाया जाते. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, पण बसून पुडे बांधायला तिला कोणी अडवत नाही, आणि तिलाही वाटतं की आपण माहेरी बसून खातो, तेवढा तरी हातभार लावावा. दहा ते चार ती पानांत. बाळ रडलं की आजी झोळीला झोका देई आणि चमच्याने पाणी. दूध मिळे दहाच्या आधी, मग दोनच्या सुमारास, मग पानं आवरल्यावर. दिवसाचे सहा तास, तेही उन्हाच्या वेळचे, बाळ एका पाजण्यावर आणि पाण्यावर काढत होतं. वजनाच्या कार्डावर चौथा आठवडा आणि तेंदूचा हंगाम एकाच दिवशी सुरू झाले होते. एकविसाव्या दिवशी कोपऱ्यात पुडे बांधायच्या सालीच्या दोऱ्यांची भेंडोळी मी पाहिली होती. त्यांचा बाळाशी काही संबंध असेल असं मनात आलं नाही.

आणखी एक गोष्ट आईच्या मनाची. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकाने. नाइल्स आणि मायकेल न्यूटन या जोडप्याने 1948 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाजताना आईचं चित्त मुद्दाम विचलित केलं, तेव्हा बाळाला दूध बरंच कमी मिळालं. तसंच विचलित करून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर दूध जवळपास पूर्ववत मिळालं. म्हणजे दूध आत होतंच, बाहेर येत नव्हतं. ज्या पोरीला दिवसातून दहा वेळा "तुले दूधच नाई" ऐकावं लागतं आणि जिचं लक्ष न बांधलेल्या पानांवर असतं, तिचा पान्हा अडतो. तिला त्याचा दोष देणं मला क्रूर वाटतं.

उपाय साधे होते, पण घरच्यांनी मिळून ठरवले म्हणून टिकले. तेंदू सोडा, असं मी म्हटलं नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही. आजीनेच तोडगा काढला. पुडे ती बांधेल, आणि झोळी सपरीतून मागच्या खोलीत जाईल, जिथे माती-शेणाने सारवलेली जमीन दुपारीही थंड असते. बाळंतीण बाळाजवळ राहील, मधल्या वेळात हाताला येतील तेवढे पुडे बांधेल. दर दोन तासांनी पाजायचं, बाळ झोपलं असलं तरी पायाला गुदगुल्या करून उठवून. एक बाजू मऊ झाल्याशिवाय दुसरी नाही. बाळाचं तोंड मोठं उघडू द्यायचं, हनुवटी स्तनात रुतली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. पहिले पाच दिवस पाजून झाल्यावर हाताने दूध काढून तेही बाळाला द्यायचं. यासाठी आजीने जुन्या पेटीतून बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी, काढलं. ते रोज उकळायचं, एवढंच मी त्यात घातलं. बाटली घरात येऊ दिली नाही.

बाळाच्या अंगावर एक सुती झबलं, टोपरं नाही. आईच्या उशाशी तिचं वेगळं मडकं. घुटी बंद करायला आजी लगेच तयार झाली नाही. तिच्या आईने तिच्या पाचही लेकरांना दिली होती. मी तिला दुधातल्या एका गोष्टीबद्दल सांगितलं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साधी साखर, आणि स्निग्धांशानंतर आईच्या दुधात सर्वांत जास्त असतात त्या गुंतागुंतीच्या साखरा, शेकडाभराहून जास्त प्रकारच्या. बाळाला त्या पचतच नाहीत. त्या आहेत पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य म्हणून. "म्हणजे दुधातच घुटी हाय म्हना," आजी म्हणाली. मी हो म्हटलं.

छत्तिसाव्या दिवशी वजन 2,890. बेचाळिसाव्या दिवशी, आशाताईच्या शेवटच्या ठरलेल्या भेटीत, 3,100. या शेवटच्या सहा दिवसांत रोज सरासरी 35 ग्रॅम. सोडियम आठवड्याने पुन्हा तपासलं, 137. लघवी दिवसाला सात वेळा, आणि आता त्या आकड्याला अर्थ होता.

आशांच्या पुढच्या बैठकीत आम्ही दोन बदल केले. 'पाणी देता का' याचं उत्तर हो आलं, तर लघवीच्या रकान्यात खूण करायची नाही. आणि एप्रिल-मेच्या प्रत्येक भेटीत एक पाजणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहायची, त्यासाठी दुसऱ्या घरची भेट पुढे ढकलावी लागली तरी चालेल. हरियाणात भंडारी आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत, 2003 सालच्या, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी वेगवेगळ्या निमित्तांनी सतत समुपदेशन केलं होतं. तीन महिन्यांच्या वयाला केवळ अंगावर पिणारी बाळं तिथे 79 टक्के होती, तुलनेच्या गावांत 48 टक्के, आणि जुलाबही कमी होते. आशाताई विचारत होती, त्यांना प्रत्येक घरी किती वेळ मिळत असेल? तिच्याकडे त्या महिन्यात अकरा नवजात बाळं होती.

या मुलीचं प्रकरण तिथे संपलेलं नाही. जूनमध्ये ती आईसोबत नागभीड तालुक्यात सासरी गेली. जुलैत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागते. बाळ तीन महिन्यांचं असेल आणि आईला चिखलात दिवसभर वाकून उभं राहावं लागेल, बांधीपासून घर दोन किलोमीटर. तिथल्या आशाला आम्ही फोन केला, वजनाचं कार्ड पाठवलं, आणि हाताने दूध काढून ठेवायला आईला येतं हे मुद्दाम सांगितलं. सासूबाईंशी बोलायला मी स्वतः जाणार आहे, रोवणीच्या आधी, आणि या वेळी पूर्ण दिवस हातात ठेवून.